खाटेशेजारी पडलेला प्रश्न

रुग्णांवर उपचार करता करता तरुण डॉक्टर-शिक्षकांना रोज नवे प्रश्न पडतात. त्यातले बहुतेक राउंड संपताच विरून जातात. ते टिकावेत, त्यांचे संशोधन व्हावे आणि उत्तर पुन्हा रुग्णापर्यंत पोहोचावे, यासाठी नुसती हुशारी पुरत नाही. वेळ, प्रशिक्षण आणि पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शकही लागतो.

सन १९७६. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण एमबीबीएस डॉक्टर रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावल्याने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. दंशानंतर दरदरून घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे. मग फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण गुदमरायचा. पाठ्यपुस्तकांत या दंशाविषयी फारसे काही नव्हते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या बारकाईने नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुण्यात एमडी करून ते पुन्हा त्याच मुलखात परतले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशात जीव वाचवते, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. एकेकाळी गंभीर दंशाच्या रुग्णांत शेकडा तीस-चाळीसपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर अगदी थोड्यावर आले.

ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. पण तिची एक बाजू सहसा नजरेआड राहते. हा डॉक्टर बहुतांशी स्वतःच्या जिद्दीवर संशोधक झाला. नोंदी कशा ठेवाव्यात, निष्कर्ष कसा काढावा, निबंध कसा लिहावा हे हाताला धरून शिकवणारी कोणतीही व्यवस्था त्या आरोग्य केंद्रात नव्हती. असे प्रश्न पडलेले आणखी किती डॉक्टर असतील? त्यांच्यापैकी किती जण वेळेअभावी, पैशाअभावी किंवा विचारायलाच कोणी नसल्यामुळे गप्प बसले असतील? त्यांची गणती कोणाकडेच नाही. न झालेल्या संशोधनाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसते.

सहायक प्राध्यापकाचा दिवस

वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाचे बी रुजण्याची सर्वांत योग्य वेळ म्हणजे एमडी किंवा एमएस होऊन सहायक प्राध्यापक म्हणून लागल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षे. शिक्षण ताजे असते, उत्साह असतो आणि रोज शेकडो रुग्ण डोळ्यांखालून जातात. प्रश्न पडायला यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रत्यक्षात त्याचा किंवा तिचा दिवस कसा जातो? सकाळी हजेरी, वॉर्डाचा राउंड, मग ओपीडी. तिथली रांग दुपारपर्यंत हटत नाही. दुपारी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचा वर्ग किंवा क्लिनिक. त्यानंतर निवासी डॉक्टरांच्या अडचणी, औषधांची मागणीपत्रे, पोलीस केसची कागदपत्रे. आठवड्यातून एक-दोनदा इमर्जन्सीची पाळी. परीक्षा आल्या की पर्यवेक्षण, आयोगाची तपासणी आली की फायलींची जुळवाजुळव. या सगळ्यातून जो वेळ उरतो तो संशोधनाचा, आणि उरलेला वेळ बहुधा रात्री अकरानंतरचा असतो.

शिवाय एमडीच्या काळात प्रत्येकाने एक थिसिस लिहिलेला असतो. पण तो मुख्यतः परीक्षेची अट म्हणून. विषय बहुतेकदा विभागप्रमुखांनी दिलेला, मुदत ठरलेली, आणि बांधणी झाली की तो ग्रंथालयाच्या कपाटात. थिसिसला 'गाइड' असतो. तो मजकूर तपासतो, सही करतो. पण गाइड आणि मार्गदर्शक यांत फरक आहे. गाइडचा संबंध त्या एका प्रबंधापुरता. खरा मार्गदर्शक, ज्याला आता सर्रास 'मेंटॉर' म्हटले जाते, तो माणूस घडवतो. एक प्रकल्प फसला तर पुढचा कसा बांधायचा, हे तो सांगतो.

दोन दऱ्या

अलीकडे 'ट्रान्सलेशनल' संशोधन हा शब्द वारंवार कानावर येतो. त्याचा अर्थ समजण्यासाठी दोन दऱ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. पहिली दरी प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यामधली. पेशींमध्ये किंवा उंदरांमध्ये जे सापडले, ते माणसांत सुरक्षित आणि उपयोगी आहे का, हे तपासल्याशिवाय ती ओलांडता येत नाही. दुसरी दरी रुग्णालय आणि समाज यांच्यामधली. एखादा उपचार चाचणीत सिद्ध झाला, तरी तो गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आपोआप पोहोचत नाही. या दोन दऱ्यांवर पूल बांधणारे संशोधन म्हणजे ट्रान्सलेशनल संशोधन. 'क्लिनिकल' संशोधन म्हणजे प्रत्यक्ष माणसांबरोबर, त्यांच्या संमतीने केलेले संशोधन. बहुतेक वेळा दोन्ही हातात हात घालून चालतात.

दुसऱ्या दरीचे उत्तम उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. हॉपकिन्समध्ये त्यांना कार्ल टेलर यांच्यासारखे शिक्षक लाभले. भारतातच जन्मलेल्या टेलर यांनी पंजाबातल्या नारंगवाल येथे गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचे शास्त्रशुद्ध प्रयोग केले होते. गावात राहूनही जागतिक दर्जाचे संशोधन करता येते, हे सांगायला स्वतः ते करून दाखवलेला माणूस समोर असणे, हीच मार्गदर्शनाची मोठी ताकद असते.

पुढे 'सर्च'ने ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडकला तर काय करावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावीत आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे, हे सारे या 'आरोग्यदूत' शिकल्या. तुलनेसाठी आणखी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षणाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तर तुलनेच्या गावांत ५९.६. सुरुवातीच्या फरकाचा हिशेब करून मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. हा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर सुरू केला तो २०११ मध्ये. सिद्ध झालेली गोष्ट देशाच्या दारापर्यंत जायला बारा वर्षे लागली. ही वर्षे कमी करायची, तर पुराव्याची आणि धोरणाची अशा दोन्ही भाषा जाणणारी तरुण माणसे हवीत. ती आपोआप तयार होत नाहीत.

'धोक्यात आलेली प्रजाती'

संशोधक डॉक्टरांची वानवा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन या अमेरिकी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. रुग्णांवर उपचार करणारा आणि त्याच वेळी संशोधनही करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली प्रजाती आहे, असा त्यांचा सूर होता. पुढे तेच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे म्हणजे एनआयएचचे संचालक झाले.

कारणे ओळखीचीच होती. उपचाराच्या कामातून पैसा लगेच मिळतो, संशोधनाचे फळ उशिरा आणि अनिश्चित. तरुण डॉक्टरांना रुग्ण तपासायला शिकवले जाते, पण संख्याशास्त्र, चाचणीची आखणी, नैतिक मंजुरी हे कोणी शिकवत नाही. आणि विभागाला मनुष्यबळ कमी पडले की संशोधनाचा वेळ सर्वांत आधी कापला जातो.

१९९०च्या दशकात एनआयएचने या प्रश्नावर समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर रुग्णाभिमुख संशोधन करणाऱ्या नवोदित डॉक्टरांसाठी खास अनुदाने सुरू झाली. 'के-२३' हे त्यातले एक. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात निवडलेल्या डॉक्टरला तीन ते पाच वर्षे पगारासाठी आणि संशोधनासाठी आधार मिळतो. मात्र एक अट असते : त्याच्या कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधन आणि प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवला जाईल, अशी हमी महाविद्यालयाने द्यायची. याला 'राखीव वेळ' म्हणता येईल. अर्जात मार्गदर्शकाचे नाव, त्याचा अनुभव आणि तो नेमके काय शिकवणार याचा आराखडाही द्यावा लागतो. मार्गदर्शक नसेल तर अनुदान नाही.

त्याच सुमारास 'के-२४' हे दुसरे अनुदान आले. ते अनुभवी, मधल्या फळीतल्या संशोधकांसाठी होते. त्यांनाही नवोदितांना शिकवण्यासाठी वेळ काढून देण्याकरिता. मार्गदर्शन ही फावल्या वेळातली समाजसेवा नाही, ते काम आहे आणि त्याचा वेळ मोजून त्याची किंमत दिली पाहिजे, ही कबुली त्यात होती. २००६ पासून एनआयएचने विद्यापीठांमध्ये क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल संशोधनाची केंद्रे उभारायला मदत सुरू केली. सुरुवातीला ती बारा होती, पुढे साठच्या आसपास झाली. तिथे तरुण प्राध्यापकाला संख्याशास्त्रज्ञ, माहिती व्यवस्थापक, नैतिक परवानगीसाठी मदत करणारे कर्मचारी आणि अभ्यासक्रम हे सारे एका छताखाली मिळते.

मार्गदर्शक नेमके काय करतो?

एक काल्पनिक, पण कुठल्याही महाविद्यालयात घडू शकेल असे उदाहरण घेऊ. छातीविकार विभागातल्या एका तरुण सहायक प्राध्यापिकेच्या लक्षात येते, की क्षयरोगाचे बरेच रुग्ण सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडतात. तिला यावर संशोधन करायचे आहे. ती वरिष्ठांकडे जाते आणि म्हणते, ''सर, टीबीचे पेशंट औषध का सोडतात, यावर मला काम करायचंय.''

चांगला मार्गदर्शक इथे लगेच शाबासकी देत नाही आणि विषय मोडीतही काढत नाही. तो विचारतो, ''सोडतात म्हणजे किती दिवस खंड पडला तर तू 'सोडलं' म्हणशील? कोणते पेशंट? पहिल्यांदा झालेले की पुन्हा झालेले? आणि कारण कळल्यावर पुढे काय करणार आहेस?'' अशा दोन-तीन बैठकांनंतर ढगासारखा प्रश्न आकाराला येतो : प्रशिक्षित कार्यकर्तीने दर आठवड्याला फोन केला, तर औषध सोडण्याचे प्रमाण कमी होते का?

मग येतो आकडा. समजा, सध्या शंभरातले २० रुग्ण औषध सोडतात आणि फोनमुळे ते १० वर येतील अशी आशा आहे. एवढा फरक योगायोगाचा नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायचे तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे २००, म्हणजे एकूण ४०० रुग्ण लागतात. तिच्या विभागात अटी पूर्ण करणारे महिन्याला दहाच रुग्ण येत असतील, तर नुसती भरती करायलाच चाळीस महिने जातील. ती मात्र सहा महिन्यांत ६० रुग्ण घेऊन मोकळी होणार होती. तसे केले असते तर उत्तर 'फरक दिसला नाही' असेच येण्याची शक्यता मोठी होती, आणि तो फरक खरोखर नव्हता की रुग्णच कमी पडले, हे कधीच कळले नसते. रुग्णांचा वेळ वाया गेला असता आणि एक चांगली कल्पना खोटी ठरून बाजूला पडली असती.

अनुभवी मार्गदर्शकाकडे यावर तोड असते. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांना बरोबर घे, म्हणजे वर्षभरात रुग्ण मिळतील. किंवा आधी एक छोटा वर्णनात्मक अभ्यास कर : औषध सोडणारे नेमके कोणत्या महिन्यात सोडतात, ते बघ. इथिक्स कमिटीकडे अर्ज कसा करायचा, रुग्णाला कळेल अशा मराठीत संमतीपत्र कसे लिहायचे, पहिला रुग्ण घेण्याआधीच भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत अभ्यासाची नोंद करायची, हे सगळे तो सांगतो. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली. निकाल पाहून प्रश्न बदलण्याची पळवाट तिच्यामुळे अवघड होते.

शेवटचे काम सर्वांत नाजूक. निबंध नाकारला गेला, तर तरुण संशोधकाला वाटते आपलेच काही चुकले. ''माझेही पहिले निबंध परत आले होते. परीक्षकाचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, तो दुरुस्त कर आणि दुसरीकडे पाठव,'' हे एक वाक्य त्या वेळी कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा मोलाचे ठरते.

एकच व्यक्ती हे सगळे देऊ शकेल असेही नाही. विषय जाणणारा एक, पद्धतीशास्त्र जाणणारा दुसरा, संस्थेतल्या वाटा-आडवाटा माहीत असलेला तिसरा, आणि बरोबरीच्या मित्रमैत्रिणींचा दर पंधरा दिवसांनी भेटणारा गट, असा चौफेर आधार अधिक टिकतो.

मार्गदर्शकालाही शिकावे लागते

मार्गदर्शन ही उपजत देणगी आहे, असा समज आहे. गुरुपरंपरेचा अभिमान असलेल्या समाजात तो अधिकच पक्का असतो. पण या समजाची चक्क चाचणी घेतली गेली आहे, तीही औषधाची घेतात तशी. अमेरिकेतील १६ वैद्यकीय केंद्रांमध्ये मार्गदर्शक आणि शिष्य अशा २८३ जोड्या निवडण्यात आल्या. चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छेने निम्म्या मार्गदर्शकांना आठ तासांचे प्रशिक्षण दिले गेले, बाकीच्यांना नाही. प्रशिक्षणात व्याख्याने कमी आणि चर्चा जास्त. अपेक्षा आधीच स्पष्ट कशा करायच्या, शिष्याला खरेच समजले आहे का हे कसे ओळखायचे, वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसाशी कसे वागायचे, त्याला स्वतंत्र कसे होऊ द्यायचे, अशा विषयांवर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकांची कौशल्ये इतरांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. त्यात मोजली गेली ती कौशल्ये. त्यामुळे पुढे किती रुग्णांचे भले झाले, हे त्यातून कळत नाही. तरीही एक गोष्ट त्यातून पुढे आली : अवघ्या आठ तासांत ज्येष्ठ प्राध्यापकही बदलू शकतात.

आणि बदलण्याची गरज आहे, कारण मार्गदर्शनाच्या नावाखाली बरेच काही वाईटही चालते. शिष्याने राबायचे आणि पहिले नाव वरिष्ठांचे लागायचे. ज्यांनी निबंध वाचलाही नाही त्यांची नावे 'मान' म्हणून घालायची. शिष्य स्वतंत्र प्रकल्प मागू लागला की अबोला धरायचा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे निकष याबाबत स्वच्छ आहेत. कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक म्हणून नाव लागावे. पद हा त्यातला निकष नाही. 'सरांना विचारायचे कसे?' हा संकोच आपल्याकडे मोठा आहे. म्हणूनच प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत कोणाचे नाव कुठे येणार हे कागदावर लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे असते.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

भारतात हे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या पुढाकाराने 'इनक्लेन' हे क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. विकसनशील देशांतल्या तरुण वैद्यकीय शिक्षकांना परदेशी विद्यापीठांत संशोधन-पद्धतीचे शिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपापल्या महाविद्यालयात परतून एक छोटा गट उभारायचा, अशी त्याची रचना होती. त्या गटात डॉक्टरांबरोबर संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञही असावेत अशी अपेक्षा होती. एकटा माणूस शिकून आला की तो एकटाच राहतो, गट असेल तर काम मुरते, हे त्यामागचे शहाणपण. दिल्ली, वेल्लोर, लखनऊ, नागपूर अशा ठिकाणी असे गट तयार झाले.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी करून झालेला अभ्यास २००५ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला. त्यात सुमारे निम्म्या जणांमध्ये क्षयाच्या जंतूंचा सुप्त संसर्ग आढळला. प्रश्न अगदी घरचा होता : क्षयरुग्णांची सेवा करणाऱ्यांचे काय? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने जॉन्स हॉपकिन्सच्या सहकार्याने केलेल्या संशोधनात एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याच्या बहुदेशीय चाचणीचा समावेश होता. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. असे सहकार्य वर्षानुवर्षे चालले की त्यातून निबंध निघतातच, शिवाय चाचणी काटेकोरपणे कशी चालवायची हे जाणणारी एक पिढीही तयार होते.

पण ही बेटे आहेत. दिल्लीचे ज्येष्ठ शल्यविशारद समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतल्या ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांच्या कामाचा हिशेब मांडला. त्यातल्या ३३२ संस्थांतून, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नव्हता. वर्षाला शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त २५.

यावर नियामकांनी काढलेला तोडगा म्हणजे सक्ती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी किमान दोन शोधनिबंधांची अट होती. संशोधन-पद्धतीचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रमही आवश्यक ठरला. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला हा अभ्यासक्रम चांगला आहे. नमुना कसा निवडावा, पूर्वग्रह कुठून शिरतो, नैतिक जबाबदाऱ्या कोणत्या, याची तोंडओळख त्यातून घरबसल्या होते. पण पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. पाण्यात उतरताना काठावर कोणी तरी उभे असावे लागते. नुसत्या निबंधांच्या अटीचा दुष्परिणामही उघड आहे. प्रश्न नाही, वेळ नाही, मार्गदर्शक नाही, पण बढतीसाठी निबंध हवा. अशा वेळी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावतो.

दुसरी बाजूही आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने अनेक सरकारी महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रे मंजूर केली. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती कित्येक वर्षे चालू आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम यांच्या 'इंडिया अलायन्स'ने डॉक्टर-संशोधकांसाठी स्वतंत्र फेलोशिप ठेवल्या. दारे आहेत. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या तरुण शिक्षकाला ती कुठे आहेत हे सांगणारा आणि अर्ज लिहून घेणारा माणूस तिथे असायला हवा.

फार पैसा न लागता

अमेरिकेसारखा ७५ टक्के राखीव वेळ आपल्या गर्दीच्या रुग्णालयांत उद्या मिळणार नाही. पण आठवड्यातला एक दिवस, निदान अर्धा दिवस, निवडक सहायक प्राध्यापकांना ओपीडीतून मोकळे करणे अशक्य नाही. अट एकच : त्या वेळेचा हिशेब द्यायचा. प्रत्येक महाविद्यालयात पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ असणे, आणि त्याला आकडे गोळा झाल्यावर नव्हे तर त्याआधी गाठणे, याने निम्म्या चुका टळतील. मोठ्या संस्थांतल्या निवृत्त पण उत्साही प्राध्यापकांना दोन-तीन छोट्या महाविद्यालयांशी जोडून देता येईल. बढतीच्या वेळी ज्येष्ठांना 'तुमचे निबंध किती?' याबरोबरच 'तुम्ही कोणाला उभे केले?' असेही विचारता येईल.

प्रत्येक डॉक्टरने संशोधक व्हायलाच हवे असा आग्रहही नको. उत्तम उपचार करणारा, मन लावून शिकवणारा डॉक्टर समाजाला तितकाच हवा असतो. सर्वांना सक्ती करण्यापेक्षा ज्यांना खरोखर प्रश्न पडतात अशा दहातल्या दोघांना नीट बळ देणे अधिक शहाणपणाचे.

सामान्य वाचकाला यात काय? बरेच काही. विंचूदंश, सर्पदंश, कुपोषित बाळे, शेतावर फवारणी करताना झालेली विषबाधा, हे आपल्या मातीतले प्रश्न आहेत. बोस्टन किंवा लंडनच्या प्रयोगशाळेत ते कोणी आपल्यासाठी सोडवत बसणार नाही. सरकारी रुग्णालयात एखादा डॉक्टर संमतीपत्र पुढे करून संशोधनात सहभागी होण्याबद्दल विचारेल, तेव्हा घाबरून जाऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. कशासाठी, धोका काय, नाही म्हटले तर उपचारावर परिणाम होईल का, आणि निष्कर्ष आम्हाला कळवणार का, हे विचारावे. नाही म्हणण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. नीट शिकलेला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. ते कसे ऐकायचे आणि त्यांना काय उत्तर द्यायचे, हेही त्याला त्याच्या मार्गदर्शकानेच शिकवलेले असते.

बिरवाडीच्या खाटेशेजारी पडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, कारण एक माणूस हटून बसला. आजही राज्यातल्या कुठल्या तरी वॉर्डात एखादी तरुण डॉक्टर केसपेपरच्या कडेला बारीक अक्षरात लिहीत असेल : 'असे का होते?' पुढच्या राउंडला तिच्या शेजारी उभे राहून कोणी तरी म्हणायला हवे, ''चांगला प्रश्न आहे. दुपारी चारला ये, बसून बघू.''